परवाना बाईच्या नावावर

माझे मालक वारले त्याच्या चौदाव्या दिवशी थोरल्या भाऊजींनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. मी समोरच बसले होते. मला कुणी विचारलं नाही, माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. भाऊजी सासूबाईंना म्हणाले, "गाडी आता मी बघतो. परवाना माझ्या नावावर करून घेतो. बाईमाणसाचं काम न्हाई ते."

त्या वेळी आलेला राग अजून गेलेला नाही. शांत डोक्यानं लिहा, असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. शांत झाले तर मी हे लिहिणारच नाही.

परभणीत आमचं घर भाड्याचं होतं. पुढं मोठं अंगण, आणि अंगणात लिंबाखाली आमची मिनीबस उभी असायची. मालक पूर्वी एका कापूस व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे. वालूरच्या शेतातला आपला हिस्सा त्यांनी थोरल्या भावालाच विकला आणि त्या पैशात ही जुनी मिनीबस घेतली. भाऊजींना जमीन, आम्हाला गाडी. सासूबाईंच्या देखत वाटणी झाली आणि दोघे भाऊ एका ताटात जेवून उठले.

गाडी घेणं सोपं होतं, परवाना मिळणं अवघड. तिकीट फाडून माणसं न्यायचा हक्क एसटीचा. खाजगी गाडीला मिळायचा तो कंत्राटी परवाना. यात्रेकरूंची नाहीतर सहलीवाल्यांची एकच पार्टी ठरवायची, तिच्या माणसांची यादी जवळ ठेवायची, तीच माणसं न्यायची आणि तीच परत आणायची. वाटेत एकही सुटा माणूस घ्यायचा नाही. श्रावणात औंढ्याला, शिवरात्रीला परळीला, थंडीत मास्तरमंडळींच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला, असा आमचा धंदा. एकदा पोखर्णीच्या फाट्यावर मालकांच्या सख्ख्या मावशीनं हात केला तर हे थांबले नाहीत. मावशीनं बोलणं टाकलं. मालक म्हणायचे, "मावशीची समजूत काढता येती. इन्स्पेक्टरची न्हाई."

इतकी जपलेली ती गाडी. तीच धुताना पत्र्याची धार पायाला लागली. साधं खरचटलंय म्हणून त्यांनी हळद दाबली. पुढं जबडा आवळायला लागला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं, पण धनुर्वातानं सोडलं नाही. माझी मुलगी तेव्हा नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती.

शेजारी एक शिक्षिका राहायच्या, मूळच्या चुडाव्याच्या, बौद्ध कुटुंबातल्या. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सासूबाई त्यांना ओसरीच्या आत येऊ देत नसत, आणि त्या माझ्यासाठी ते गिळून ओसरीवर बसत. मीच आतून दारापर्यंत सरकायची. भाऊजींनी किल्ली नेल्याचं कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परवान्याच्या कचेरीला कळवलंत का?"

"काय कळवायचं?"

"परवाना ज्याच्या नावावर तो माणूस वारला, तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्यानं महिन्याच्या आत कचेरीला कळवायचं असतं. कळवलं की त्याच परवान्यावर मृत्यूपासून तीन महिने गाडी चालवता येते. तेवढ्यात तो नावावर करून घ्यायचा. माझा भाऊ ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे त्यांच्या घरी असंच झालं होतं."

"आन् महिना उलटला तर?"

"मग तुमचा हक्क गेला. नवा अर्ज. आणि नव्या अर्जात तुमचे भाऊजी तुमच्यापुढं."

आमच्या घरात रीत अशी होती, की नवरा गेलेल्या बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. सरकारचा महिना आणि घराचा सव्वा महिना. मधल्या त्या आठवड्यात माझी गाडी जाणार होती. आणि भाऊजी जाताना काय सांगून गेले होते ते मला आठवलं. "घाई करू नगा. सव्वा महिना होऊ द्या, मंग बघू समदं." किती मायेनं बोलले होते! किल्लीचा राग विसरून मी त्या मायेनं रडले होते. त्या रडण्याची मला इतकी चीड आली, की मी उठून उभी राहिले.

सासूबाईंना सांगितलं. त्या जात्यापाशी बसल्या होत्या. "आत्याबाई, मला महिन्याच्या आत कचेरीत जायचंय."

"माझ्या सासूनं उंबरा वलांडला न्हाई. मी बी न्हाई. कचेरीला सुतक कळत न्हाई का?"

"तेच म्हणते मी. कचेरीला सुतक कळत न्हाई."

त्यांनी जात्यावरचा हात थांबवला. "जायचं तर जा. येताना मला तोंड दाखवू नगंस."

मी गेले. गल्ली जागी झाल्यावर, नळावर बायांची रांग असताना, मुलीला काखेत घेऊन पुढच्या दारानं गेले. लपून जायचं कारण नव्हतं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी हंडा तसाच ठेवून बघत राहिलं. शिक्षिकाबाई रजा काढून माझ्याबरोबर आल्या. कचेरी दुसऱ्या जिल्ह्यात, एसटीनं जायचं. 

कचेरीतल्या कारकुनानं आधी माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग अर्जाकडं.

"मालक कुठायत?"

"वारले. त्यासाठीच आले."

"मग घरातला पुरुष कोण?"

"पुरुष न्हाई. मी हाय आन् ही पोरगी हाय."

तो शिक्षिकाबाईंकडं वळला. "तुम्ही शिकलेल्या दिसता. समजवा यांना. हे काय रेशनकार्ड आहे का? यांच्या दिरांचा अर्ज आलेला आहे. त्यांचं ना-हरकत आणा, मग बघू."

दिरांचा अर्ज आलेला आहे. म्हणजे आम्हाला सव्वा महिना थांबा सांगणारा माणूस स्वतः तो भरायच्या आत इथं येऊन गेला होता. त्याला उंबरा नव्हता.

"दिराचं ना-हरकत लागतं, हे कुठल्या नियमात आहे?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"नियमात नाही. आम्ही मागतो."

हे तो लाजून बोलला असता तर मी कदाचित परत फिरले असते. तो सुपारी कातरत बोलला. मी त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसले. म्हटलं, "अर्ज घ्या. शिक्का मारून पोच द्या. तवर मी हालत न्हाई."

तो म्हणाला, शिपायाला बोलावतो. मी म्हटलं, बोलवा. मुलगी भुकेनं रडायला लागली. एरवी मी तिला चूप केलं असतं. त्या दिवशी रडू दिलं. आतून कुणीतरी ओरडलं, हा काय गोंधळ आहे. तेव्हा कुठं त्यानं अर्ज ओढून घेतला, शिक्का आपटला आणि पोच माझ्या हातात न देता टेबलाच्या कडेला सरकवली.

घरी परतले तर दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. सासूबाईंनी मुलीला माझ्याकडून घेतलं, तिला दूधभात भरवला आणि पाठ करून झोपल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं की मुलीला सांगायच्या. "तुज्या मायला म्हणावं, मीठ संपलंय."

आठवड्यात भाऊजी आले. बरोबर वालूरची दोन माणसं. गाडी गावी न्यायला आले होते. मी भाकरी टाकत होते. तवा तसाच चुलीवर ठेवला, मुलीला उचललं आणि गाडीत चढून स्टेअरिंगमागं जाऊन बसले. मला गाडी चालवता येत नव्हती. पण ती जागा रिकामी नसली तर गाडी हलणार नाही, एवढं मला कळत होतं.

"उतर खाली," भाऊजी म्हणाले.

"न्हाई उतरत."

"लोकं बघायलेत."

"बघू द्या."

"कपाळ पांढरं घेऊन मोटारीत बसलीस. लाज वाटती का न्हाई?"

आजवर मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, मान वर केली नव्हती. त्या दिवशी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "जमीन घेतली तवा तुमाला वाटली व्हती का भाऊजी? एकाच्या दोन वाटण्या घ्यायलाव तुमी."

त्यांच्याबरोबरची माणसं खाली बघायला लागली. भाऊजींनी हात उचलला, पण गल्ली जमली होती. मग त्यांनी गाडीची बॅटरी काढायला लावली. ती एका माणसाच्या खांद्यावर देऊन म्हणाले, "बस आता. हालव तिला."

ओसरीवर सासूबाई उभ्या होत्या. सगळं बघून त्या आत गेल्या.

शिक्षिकाबाईंनी चुडाव्याला निरोप धाडला. त्यांचा भाऊ रेल्वेनं आला तो उसनी बॅटरी घेऊनच. किल्ली नव्हती, त्यानं तारा जोडून गाडी सुरू केली. तिचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, जिंकले. पुढच्याच टपालानं कचेरीचं पत्र आलं. आपल्या दिरांनी हरकत घेतली असल्यानं सुनावणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. म्हणजे मी महिन्याच्या आत गेले, फरशीवर बसले, कायद्यानं दिलेले तीन महिने मिळवले, आणि त्या तीन महिन्यांत गाडी लिंबाखालीच उभी राहणार.

श्रावण आला. दर सोमवारी पहाटे आमच्याकडं पार्ट्या यायच्या. त्या वर्षीही आल्या. गाडी समोर दिसतेय आणि बाई नाही म्हणते, याचं त्यांना नवल वाटायचं. त्या दुसरी गाडी करून औंढ्याला जायच्या. लिंबाची पानं टपावर साठायची, मी ती झाडून काढायची. आमच्या चुलीचं काय चाललंय हे कुठल्या साहेबानं विचारलं नाही. सुनावणीच्या तारखा मात्र पुढं पुढं जात राहिल्या.

शेवटी सुनावणी झाली. साहेब बोलायला सभ्य होते, आणि सभ्य माणसावर रागावणं फार अवघड असतं.

"बाई, हा रस्त्यावरचा धंदा आहे. ड्रायव्हर परका पुरुष असणार. पर्यटकांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

"परवान्यावर ज्याचं नाव, तो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. मालक व्हते तवा ते व्हते. आता मी."

ते हसले. मग म्हणाले, गाडी उभी करायच्या जागेचा कागद आणा. तो मी आणला होता. लायसन असलेला ड्रायव्हर दाखवा. शिक्षिकाबाईंचा भाऊ बाहेर उभा होता, छातीवर बिल्ला लावून. मग म्हणाले, तुमच्या चालचलणुकीचा दाखला लागेल.

मी भाऊजींकडं बोट केलं. "ह्यांचा घेतला का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. भाऊजींचा दाखला कुणी मागितला नव्हता. त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती, टायर बदलला नव्हता, एक पार्टी नेली नव्हती. ते पुरुष होते, एवढा दाखला पुरेसा होता. मी हे असंच्या असं बोलले. साहेब म्हणाले, "आवाज खाली ठेवा." मी ठेवला नाही.

भाऊजींनी तेव्हा आपला हुकमी पत्ता काढला. चार दिवस आधी सासूबाईंना वालूरला नेऊन त्यांनी बरोबर आणलं होतं. मुलाच्या मालमत्तेत आईचाही वाटा असतो. आईनंच सुनेविरुद्ध सांगितलं की प्रश्न मिटला. सासूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"सांग माय," भाऊजी म्हणाले.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "ह्या बाईनं सव्वा महिना पाळला न्हाई. माझ्या लेकाची राख निवली नव्हती आन् ही कचेरीत आली. हे मी मरंस्तोर इसरणार न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

"लिव्हू नका, माझं झालं न्हाई अजून. मोटार धाकट्याची हाय. थोरल्यानं जमीन घेतली, धाकट्यानं मोटार घेतली. माझ्यासमोर झालंय ते. धाकट्याचं ते त्याच्या बायकूचं आन् लेकीचं. माझा वाटा बी मी तिलाच सोडला. थोरल्याचा काय संबंध?"

"माय, काय बोलायलीस तू?"

"खरं हाय ते बोलले. चल आता."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

मी! अर्जात लिहिलं होतं. फरशीवर बसून सांगितलं होतं. त्याच खोलीत, त्याच माणसासमोर ओरडून सांगितलं होतं. पण कपाळावर कुंकू नसलेल्या तरण्या बाईचं बोलणं म्हणजे कांगावा, आणि तेच शब्द म्हातारीच्या तोंडून आले की पुरावा. परवाना मंजूर झाला याचा आनंद मला झाला नाही. अंगाची आग आग झाली.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. भाऊजींबरोबर त्या वालूरच्या एसटीत बसल्या आणि पुन्हा माझ्या घरी राहायला आल्या नाहीत. त्यांनी शब्द दोन्हीकडून पाळला. गाडी मला दिली, आणि माझं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

शिक्षिकाबाईंचा भाऊ माझ्याकडं ड्रायव्हर म्हणून राहिला. पहिलीच पार्टी ठरली ती परळीला जाणारी. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा पुढारी आला आणि माझ्याशी खाजगीत बोलायचंय म्हणाला. ड्रायव्हर ऐकत होता, तरी.

"ड्रायव्हर बदला. देवाला जायचंय आमाला."

"का? त्यो गाडी वाईट चालवतो का?"

"तसं न्हाई. तुमाला कळतंय ना."

"न्हाई कळत. नीट सांगा."

त्यानं नीट सांगितलं नाही. असली माणसं कधीच नीट सांगत नाहीत. मी म्हटलं, गाडी जाईल तर हाच नेईल. पार्टी हातची गेली. ड्रायव्हरनं हातातलं फडकं पिळून टपावर वाळत टाकलं, सायकल काढली आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो येईल का, या काळजीत मी होते. तो वेळेवर आला. म्हणाला, "बाई, ब्रेकचं तेल बघून घेतो."

मग शिक्षिकाबाईंनीच पार्टी जमवली. त्यांच्या शाळेतल्या बाया, चुडाव्याची काही बौद्ध कुटुंबं. वेरूळला आणि औरंगाबादजवळची लेणी बघायला. मीही गेले. मालकांनी कितीतरी लोकांना वेरूळ दाखवलं, पण मी ते पाहिलं नव्हतं. पार्टीची गाडी, घरचं माणूस तिच्यात बसवायचं नाही, हा त्यांचा नियम. लेण्यात चुडाव्याच्या म्हाताऱ्या बुद्धासमोर हात जोडून बसल्या आणि उठेचनात. मी मुलीला खांद्यावर घेऊन खांबांकडं बघत राहिले. फार दिवसांनी अंग सैल झालं होतं.

परतताना जालना मागं टाकलं आणि तपासणीवाल्यांनी गाडी अडवली. इन्स्पेक्टर आत चढला, यादी मागितली, एकेकाचं नाव विचारत माझ्यापर्यंत आला.

"तुमचं नाव यादीत नाही."

"मी पार्टीतली न्हाई. गाडी माझी हाय."

तो ड्रायव्हरकडं वळला. "मालक कुठंय गाडीचा?"

"ह्याच की साहेब."

"म्हणजे यांचे मालक रे."

"वारले," मी म्हटलं. "परवाना बघा. माझं नाव हाय."

त्यानं परवाना पाहिला. मग मला पाहिलं. "ही बाई तुम्हीच कशावरून? यादीत नाही म्हणजे सुटा प्रवासी. कंत्राटी गाडीत सुटा प्रवासी चालत नाही."

शिक्षिकाबाई उभ्या राहिल्या. "अहो, आम्ही सगळ्या सांगतो ना, गाडी यांचीच आहे." पाठीमागून चुडाव्याच्या बायाही बोलायला लागल्या. मी खाली उतरले, त्याच्या जीपच्या बॉनेटवर परवाना पसरला आणि त्यावरच्या माझ्या सहीशेजारी कोऱ्या कागदावर सही करून दाखवली. तो म्हणाला, सही कुणालाही गिरवता येते. माझ्याच गाडीत मी चोरून बसलेली बाई ठरले. दंड झाला. तो मी भरला, कारण गाडीत म्हाताऱ्या होत्या, लेकरं होती आणि त्यांना घरी पोचवायचं होतं.

पण मी तिथून गप निघाले नाही. पावती हातात पडेपर्यंत त्या इन्स्पेक्टरला मी जे ऐकवलं ते छापता येण्यासारखं नाही. वालूरच्या शेतात शिकले होते ते सगळं वापरलं. त्याचा शिपाई तोंड फिरवून हसत होता. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बसा आता, पुरं झालं." मी पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारच्या बाजूला बसले. मुलगी शिक्षिकाबाईंच्या मांडीवर झोपली होती.

पुढं गाडीचा धंदा मी बरीच वर्षं चालवला. मुलीचं शिक्षण त्यावर झालं. पर्यटकांच्या पार्टीच्या यादीत मात्र सगळ्यात वर मी माझं नाव घालत गेले, आणि त्यापुढं "प्रवासी" असं लिहीत गेले.